तिकडे बघ

सासूबाई गॅसवरचं दूध बघायला उठल्या आणि परत येऊन बसल्या, तर कॉम्प्युटर ओळखच दाखवेना. पडद्यावर त्यांचं नाव, नावाखाली एक रिकामी चौकट आणि चौकटीत उघडझाप करणारी रेघ. मी त्या वेळी ऐरोलीहून ठाण्याकडे येणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये दोन बायकांच्या पर्सच्या मध्ये कुठेतरी उभी होते. फोन आला.

"अगं, हा पासवर्ड मागतोय. तू तर म्हणालीस काही मागणार नाही म्हणून."

"कधीपासून मागतोय, आई?"

"दूध उतू जाता जाता वाचलं तेव्हापासून."

घड्याळ बघून सांगितलं असतं तरी इतकं नेमकं कळलं नसतं. दूध तापेपर्यंत कुणी माउसला हात लावला नव्हता, म्हणजे चूक कुठे राहिली ते मला कळव्याच्या खाडीआधीच समजलं. चूक अर्थात माझीच होती. आमच्या घरच्या कॉम्प्युटरची मालकीण मी आहे, आणि त्यावरचे सगळ्यांचे पासवर्ड काढून टाकायचे हा निर्णयही मी एकटीने, कुणालाही न विचारता घेतला होता.

कॉम्प्युटर दहा वर्षांचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ ला लागते ती टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आमच्या यंत्रात नाही. नवरा म्हणाला, भंगारात देऊ. मी वसुबारसेच्या संध्याकाळी, डायनिंग टेबलावरचे शंकरपाळ्यांचे डबे एका बाजूला सरकवून, पेनड्राइव्हवरून त्यात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली घातली. पाऊण तासात यंत्र असं काही पळायला लागलं की नवऱ्याने भंगारवाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

पासवर्ड नकोत हे मात्र मी आधीच ठरवलं होतं. ऑफिसात दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. मागचे पाच चालत नाहीत, एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण भाज्यांची नावं घेते. सध्या पडवळ चालू आहे आणि आता भाज्या संपत आल्यात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालीच सांगून टाकलंय की मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदला. ते आमच्या मजल्यापर्यंत अजून पोचायचंय. दिवसभर यंत्रांना 'मी मीच आहे' हे पटवून देऊन घरी आल्यावर निदान घरच्या यंत्राने तरी तो प्रश्न विचारू नये, एवढीच माझी इच्छा.

शिवाय ठाण्यातल्या चरईची सवय. आमची तिथली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली म्हणून आम्ही सध्या वसंत विहारला भाड्याने राहतो. चरईत दाराला कुलूप लागायचं ते गावाला जाताना. एरवी दार उघडं, चौकटीत पडदा, आणि पडद्याखाली दिसणाऱ्या पावलांवरून कोण आलंय ते कळायचं. इथे पोळ्यांच्या मावशीसुद्धा गेटवर फोटो काढून, ॲपवर मंजुरी मिळाल्याशिवाय वर येत नाहीत. सासूबाईंना त्या मंजुरीचा मनस्वी राग आहे. "आपल्याच पोळ्यांना परवानगी?" म्हणतात, आणि मावशी वर आल्या की त्यांचीच माफी मागतात.

तर लिनक्समध्ये पासवर्ड काढायला एक ओळ पुरते. पासवर्ड या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधून ओ आणि आर गाळले की जी आज्ञा उरते, तिच्यापुढे डॅश आणि डी, मग खात्याचं नाव. झालं. नेमकं काय झालं ते बघायला मी 'शॅडो' नावाची फाइल उघडली. ही सावली लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्समध्ये सुरुवातीला नव्हती. पासवर्डचं गणिताने घुसळलेलं रूप तेव्हा त्या आज्ञेच्याच नावाच्या, पासडब्ल्यूडी या फाइलीत असायचं, आणि ती यंत्रावरच्या कुणालाही वाचता यायची. बसल्या बसल्या अंदाज लावून ते रूप जुळवणारे निघाले, म्हणून पुढे तो भाग उचलून मालकाशिवाय कुणाला दिसणार नाही अशा या सावलीत ठेवला गेला. तिच्यात प्रत्येक खात्याची एक ओळ असते आणि ओळीतले रकाने विसर्गाने तोडलेले असतात. कोलनच तो, पण मराठी डोळ्याला विसर्गच दिसतो. सासूबाईंची ओळ देवनागरीत लिहायची तर अशी:

आजी::२०३७८:०:९९९९९:७:::

नावानंतर लगेच विसर्गावर विसर्ग. त्या दोघांच्या मधल्या फटीत पासवर्ड राहतो. आता तिथे काहीच नाही. २०३७८ हे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले दिवस, आणि ते मोजत आलं की वसुबारसच निघते. मला सगळ्यात आवडला तो ९९९९९. इतक्या दिवसांत पासवर्ड बदला, असं तो रकाना सांगतो. म्हणजे २७३ वर्षांत. ऑफिसचे ४५ दिवस आठवून मी त्या आकड्याकडे बराच वेळ प्रेमाने बघत बसले.

हे प्रेम चार दिवस टिकलं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मुलगा हॉलमध्ये पेंग्विनला गाडीत बसवून शर्यत खेळत होता. सुपरटक्सकार्ट. मी तो खेळ घातला नव्हता.

"कुणी टाकला हा?"

"मी. सुडो लिहिलं, टाकला."

"आणि पासवर्ड?"

"मागितलाच नाही."

लिनक्सवर सर्वाधिकारी खात्याला रूट म्हणतात. चिरंजीवांनी त्याचं 'मूळपुरुष' असं भाषांतर करून ठेवलंय. रोजच्या कामात मूळपुरुष झोपलेला असतो. कुठल्याही आज्ञेच्या आधी सुडो लिहिलं की तो तेवढ्यापुरता अंगात येतो. मात्र अंगात येण्याआधी आपला स्वतःचा पासवर्ड द्यावा लागतो, म्हणून ऊठसूट कुणी घुमायला लागत नाही. मी मुलाचं खातं बनवताना 'स्टँडर्ड'च्या जागी घाईत 'ॲडमिनिस्ट्रेटर' निवडलं होतं आणि वर त्याचा पासवर्ड पुसला होता. ओळख तपासायचं काम पॅम नावाच्या यंत्रणेकडे असतं, आणि तिच्या मांडणीत 'रिकामा पासवर्ड चालेल' असा शेरा आधीपासूनच असतो. ज्याची फट रिकामी, त्याला ती विचारायच्याही भानगडीत पडत नाही. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या अंगात मूळपुरुष विनासायास येत होता. त्याने खेळच घातला, हे नशीब. हार्ड डिस्कही पुसता आली असती.

त्या रात्री पणत्या विझल्यावर मी नीट वाचायला बसले आणि कळलं की 'पासवर्ड नाही' या एकाच वाक्याचे तीन अर्थ होतात. फट रिकामी असेल तर दार सताड उघडं. लॉगिनलाच नव्हे, आतल्या प्रत्येक खोलीला. फटीत उद्गारचिन्ह किंवा चांदणी असेल तर पासवर्डचं दार भिंतीत चिणलेलं, काहीही टाइप करा, उघडणार नाही; यंत्राच्या अंतर्गत कामांसाठीची खाती अशी असतात. आणि तिसरा प्रकार, जो मला पहिल्यापासून हवा होता: पासवर्ड जागेवर आहे, पण सुरुवातीच्या पडद्यावर तो विचारायचा नाही. त्यासाठी 'नोपासडब्ल्यूडीलॉगिन' नावाचा एक गट असतो, नसला तर बनवता येतो. त्या गटातल्या माणसाने आपल्या नावावर जाऊन एंटर मारला की लाइटडीएम, म्हणजे मिंटचा दारावरचा माणूस, त्याला आत सोडतो. बाहेरून नेटवर्कवरून कुणी आत शिरू बघितलं तर त्याला हा नियम लागू नाही. मला ही रचना फार समजूतदार वाटली. चरईत तरी काय होतं, पडदा बाजूला करून कुणीही हॉलमध्ये यायचं, म्हणून सरळ कपाट उघडायला कुणी गेलं नाही.

मग प्रत्येकाला एक लांबलचक पासवर्ड दिला, तो माझ्या डायरीत लिहून ठेवला, सगळ्यांना त्या गटात घातलं, मुलाला 'स्टँडर्ड' केलं. मूळपुरुष फक्त माझ्या अंगात.

भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात ते दूध आलं. दारावरचा माणूस गट बघून सोडतो, पण थोडा वेळ कुणी हात लावला नाही की पडदा झाकणारा स्क्रीनसेव्हर ही वेगळीच असामी. त्याला त्या गटाची काही कल्पना नाही, तो रीतसर पासवर्ड मागतो. आणि सासूबाईंचा पासवर्ड होता माझ्या डायरीत, डायरी माझ्या पर्समध्ये, पर्स ट्रान्सहार्बरमध्ये. फोनवरून मी अक्षरं सांगत होते आणि शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. "डॉलर, आई, डॉलर. चारच्या डोक्यावर." रात्री स्क्रीनसेव्हरचं कुलूप बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची तक्रार. अण्णांना सकाळी ई-पेपर क्रोममध्येच वाचायचा असतो, आणि क्रोम उघडला की 'किरिंग उघडा' अशी चौकट. हा किरिंग म्हणजे साठवलेल्या पासवर्डांचा जुडगा. तो उघडतो लॉगिनच्या पासवर्डाने. आपण लॉगिनलाच पासवर्ड दिला नाही तर जुडगा बिचारा बंदच राहतो आणि दिसेल त्याला किल्ली मागतो. अण्णांच्या जुडग्यात एकही किल्ली नव्हती, तरी तो रोज मागायचा. जुडग्याचाच पासवर्ड रिकामा करून टाकला. यंत्राने बजावलं की आता यातलं काही गुप्त राहणार नाही. अण्णा म्हणाले, "माझं आहे काय त्यात गुप्त? अग्रलेख?"

या सगळ्या खटाटोपात मी लोकलमध्ये उभ्या उभ्या पासवर्डांचा इतिहासही थोडा वाचला. कॉम्प्युटरवर पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, फर्नांडो कॉर्बातो यांच्या सीटीएसएस या प्रणालीत. कारण अगदी घरगुती आहे: यंत्र एक, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या. चोराचिलटांचा तिथे प्रश्न नव्हता, आपसातलाच होता. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाट्याला आलेले यंत्राचे तास पुरेनात, तेव्हा त्याने पासवर्डांची फाइलच छापायला टाकली आणि दुसऱ्यांच्या नावावर बसू लागला. कॉर्बातो यांनी २०१४ मध्ये स्वतःच कबूल केलं की हे पासवर्ड प्रकरण म्हणजे एक दुःस्वप्न होऊन बसलंय. आणि त्याच एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन. पुढे ज्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प काढला, ते. तिथल्या एका प्रयोगशाळेत पासवर्ड सक्तीचे झाले तेव्हा त्यांनी ते उलगडून काढले आणि एकेकाला संदेश पाठवला: तुमचा पासवर्ड अमुक आहे असं दिसतं, त्यापेक्षा नुसता एंटर का ठेवत नाही? जवळजवळ पाचातल्या एकाने ते ऐकलंही. मला हा माणूस एकदम चरईतला वाटला. माझी बाजू पक्की आहे असं वाटून मी त्या दिवशी ठाण्याला जरा ताठ मानेनेच उतरले.

मग भिशी आली.

सासूबाईंची भिशी चरईची, बारा जणींची, दरमहा २,००० रुपये. म्हणजे जिचा नंबर तिला २४,०००. इमारत रिकामी झाली तशा बाराही जणी पांगल्या. कुणी कळव्याला, कुणी डोंबिवलीला, एक तर पार बदलापूरला. आधी सगळं लाल वहीत असायचं आणि वही जिन्यातच फिरायची. आता पैसे फोनवरून येतात, म्हणून मी त्यांना लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये, तक्ता करून दिला. नाव, महिना, आले, गेले. शेवटचा रकाना त्यांनी स्वतः वाढवला, मला दिसलाही नाही. एका रविवारी चिरंजीवांना शाळेच्या प्रकल्पाची पानं छापायची होती आणि त्याच्या खात्यात प्रिंटर दिसेना. त्याने काय केलं, बाहेर येऊन 'आजी'वर एंटर मारला. फाइल समोर उघडीच होती.

"आजी, गुडघा कुणाचा?"

सासूबाई मेथी निवडत होत्या. हात थांबले.

"आणि हे, 'जावयाला सांगायचं नाही'?"

"बंद कर ते." इतक्या हळू बोलल्या की मुलाने ताबडतोब बंद केलं. ओरडल्या असत्या तर त्याने पुढेही वाचलं असतं.

त्या रकान्याचं नाव होतं 'कशासाठी'. भिशीत चिठ्ठी निघेल तिचा नंबर, पण एखादीला आधी गरज लागली तर ती सासूबाईंकडे येते, एकटी, दुपारची. कारण सांगते. मग सासूबाई दुसरीला गळ घालून नंबर बदलून घेतात, आणि कारण कुणाला कळत नाही. हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळत होतं.

"वहीत लिहायचात हे?" मी नंतर विचारलं.

"छे. वही काय, कुणीही उघडेल. ते डोक्यात असायचं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हल्ली विसरायला होतं. परवा एकीला विचारलं, नातीचं कसं आहे, तर ती बघतच राहिली. नात दुसरीची होती. म्हणून लिहिलं."

मी काही बोलले नाही. त्यांच्या फोल्डरची परवानगी मी मोठ्या काळजीने ७०० करून ठेवली होती, म्हणजे इतर खात्यांतून आत डोकावता येऊ नये. पण ज्या नावावर एंटर मारला की दार उघडतं, तिथे ७०० केलं काय नि ७७७ केलं काय.

"मला लाव पासवर्ड," त्या म्हणाल्या. "तुझ्या डायरीतला नको. माझा."

त्यांना गटातून काढलं. पासवर्ड बदलायची खिडकी उघडून दिली आणि खुर्ची सोडून बाजूला झाले. त्या टाइप करेनात. मला वाटलं अडलंय, म्हणून वाकले.

"तिकडे बघ," म्हणाल्या.

मी खिडकीशी जाऊन येऊरच्या डोंगराकडे बघत उभी राहिले. मागून कळांचा आवाज येत होता. एक. मग बराच वेळ काही नाही, अक्षर शोधत असणार. दोन, तीन. मोजायचं नव्हतं, पण एवढ्या सावकाश वाजणाऱ्या कळा मोजल्याच जातात. अकरा. मग पुन्हा अकरा, खात्रीसाठी.

"आता तुला दिसणार नाही ना?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मूळपुरुषाला सगळ्यांच्या खोल्या उघड्याच असतात. आजीचा पासवर्ड काहीही असो, मी सुडो लिहून त्यांच्या फोल्डरात जाऊ शकते, फाइल वाचू शकते, वाटलं तर पासवर्डही बदलू शकते. आणि मी नसताना कुणी हा डबाच उचलून नेला आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, तर त्याला सुडोसुद्धा लागायचं नाही, कारण डिस्क मी कूटबद्ध केलेली नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग बेडरूममधल्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. त्या कपाटाच्या किल्ल्या त्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिल्या, हळदीकुंकवाच्या दिवशी, चार बायकांदेखत. आतल्या लॉकरची किल्ली दिली नाही. ती आजही त्यांच्याकडे आहे, कुठे ते मला माहीत नाही, आणि त्यावरून आमच्यात कधी शब्दही झालेला नाही.

"याला लॉकर नसतो का आत?"

असतो. फाइल साठवताना 'पासवर्डसह' अशी एक बारीक खूण असते. ती केली की लिबरऑफिस ती फाइलच एईएस-२५६ या कूटपद्धतीने कुलूपबंद करतं. मग मूळपुरुषाला डबा दिसतो, हातात घेता येतो, पुसूनही टाकता येतो, आतलं वाचता मात्र येत नाही.

"पण आई, हा विसरलात तर मला काहीही करता यायचं नाही. मलाच काय, कुणालाच."

"कुणालाच नाही?"

"नाही."

त्या हसल्या. "म्हणजे डोक्यातच राहिलं म्हणायचं. चालेल."

पुन्हा येऊर. पुन्हा अकरा.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला, मी ऑफिसातून येऊन चहा ठेवते त्या सुमाराला, त्या फाइल उघडायला बसतात. बाकीच्या तिघांना यंत्र अजूनही काही विचारत नाही. नावावर जा, एंटर मारा. सासूबाई चष्मा पुसतात, मान वळवून मी कुठे आहे ते बघतात आणि म्हणतात, "तिकडे बघ." मी ओट्याशीच असते, तरी बघते.

परवा चहाला आधण येईपर्यंत कान तिकडेच होते. अकराव्या कळेनंतर मी गॅस बारीक करायला हात पुढे केला, तर मागून बारावी वाजली. मग तेरावी. मग जरा थांबून, चौदावी.

मुलाला विचारलं, आजीला पासवर्ड बदलायला कुणी शिकवलं. तो पेंग्विनची गाडी चालवत होता. मान वर न करता म्हणाला, "आजीने सांगितलंय, तुला सांगायचं नाही."